बंधाऱ्यावरची रेघ

मुलीच्या उजव्या तळहातावर तांबूस रंगाचा एक पट्टा होता. करंगळीच्या मुळाशी सुरू होऊन तो तिरका अंगठ्याच्या उंचवट्यापर्यंत गेला होता. मधे गडद, कडांना फिका. डाव्या तळहातावरही तसाच पट्टा होता, पण पुसट, दिवसभरात दोनतीनदा हात धुतल्यावर उरावा तेवढाच. रुंदी दोन्हींची सारखी. म्हणजे एकच गोल, गंजकी वस्तू या हातांनी घट्ट धरली होती, आणि दोन्ही हातांनी एकदम नव्हे. डाव्याने सकाळी, उजव्याने आत्ता, घरी येताना.

मुलगी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी गणितं सोडवत होती आणि आई तिच्यासमोर भाजी निवडत बसली होती.

"हाताला काय लागलंय गं?"

"कुठे?" मुलीने मूठ मिटली. "झोपाळ्याचं असेल. शाळेतल्या."

शाळेचा झोपाळा नायलॉनच्या दोरीचा होता. प्रवेशाच्या दिवशी आईने तो नीट पाहिला होता. तिला सगळंच नीट पाहायची सवय होती.

"आल्या आल्या चौकशी आयोग बसवू नकोस," सासूबाई पलंगावरून म्हणाल्या. त्यांचे गुडघे दुखत, त्यामुळे घरातलं बरंचसं राज्य त्या तिथूनच चालवत. "लेकरू दमून आलंय. मातीत खेळलं असेल कुठेतरी."

"माती नाही आई, गंज आहे," सून म्हणाली.

"गंज तर गंज. तुझ्या डोक्याला चढला नाही म्हणजे मिळवलं."

मुलगी खुदकन हसली, आणि विषय तिथेच मिटला. निदान त्या दोघींपुरता. या मुलीला घरात आणि गल्लीत सगळे मुंगी म्हणत. नुकती चालायला लागली तेव्हा ती भिंतीला एक बोट लावून, भिंत नेईल तिकडे चालायची. तिच्या बापाने तेव्हा ठेवलेलं नाव. बाप आता दूरच्या शहरात नोकरीला होता आणि महिन्याकाठी एकदा येई. तेव्हा रोजची मुंगी सांभाळायची ती या दोघींनी. आई लवकर कामाला जायची, सासूबाई खिडकीतून नात कोपऱ्यावर वळेपर्यंत बघायच्या. कोपऱ्यापलीकडे बसचा थांबा होता. बस लांबच्या पुलावरून कालवा ओलांडून मुलांना शाळेत सोडायची.

असं निदान ठरलं होतं.

रात्री मुंगीची पोळी वाढताना आईचं लक्ष पुन्हा त्या हाताकडे गेलं. एका बाजूलाच कठडा असलेली वाट. जाताना कठडा डावीकडे, येताना उजवीकडे. या शहरात अशी वाट कुठे आहे हे तिला ठाऊक होतं. फार चांगलं ठाऊक होतं. तिने पोळी वाढली आणि तूप घालायला विसरली.

*

आई शहराच्या वाहतूक खात्यात होती. सकाळी कोण कुठून निघतं आणि कुठे पोचतं याचा हिशोब मांडणं हे तिचं काम. शहराचे लहान लहान तुकडे पाडायचे. कुठल्या तुकड्यात किती कामगार राहतात, किती शाळकरी मुलं, कुठे कारखाने, कुठे कचेऱ्या, कुठे शाळा, हे सगळं भरायचं. तुकडे रस्त्यांच्या रेघांनी एकमेकांना जोडायचे. मग संगणकाला सांगायचं, आता सोड सगळ्यांना. संगणक प्रत्येकाला ज्या वाटेने सगळ्यात कमी वेळ लागेल त्या वाटेने सोडतो. कितीतरी वर्षं ती हे शहर रोज असं पडद्यावर जागं करून कामाला लावत आली होती.

त्यांच्या विभागाचा एक नियम होता, आणि इतर खात्यांत त्याची थट्टाही व्हायची: स्वतः चालून आल्याशिवाय नकाशावर पायवाटेची रेघ ओढायची नाही. आणि ओढलेली रेघ पुसायची असेल तरी तेच, आधी चालून यायचं. टेबलावर बसून कोणी रेघ ओढायची नाही आणि कोणी पुसायचीही नाही. हा नियम मास्तरांचा. मास्तर म्हणजे विभागाचे प्रमुख. पूर्वी कॉलेजात शिकवायचे म्हणून पाठीमागे सगळे त्यांना मास्तर म्हणत, तोंडावर सर. ऐन तारुण्यात त्यांनी अख्खं शहर पायाखाली घातलं होतं, आणि नकाशावरच्या निम्म्याअधिक रेघा त्यांच्या पायांच्या होत्या.

मुंगीच्या जन्मानंतर काही वर्षं घरी बसून ती पुन्हा काम शोधायला निघाली तेव्हा तिला कोणी दारात उभं करत नव्हतं. मास्तरांनी फक्त एवढंच विचारलं होतं, "शिकलेलं विसरलीस का? नाही ना? मग उद्यापासून ये." ते ऋण ती विसरली नव्हती, आणि मास्तर आता निवृत्तीला आले होते.

कालव्याच्या अलीकडची लहान शाळा या वर्षी बंद झाली ती त्यांच्या विभागाच्या मॉडेलवरून, म्हणजे संगणकातल्या त्या शहरावरून. पलीकडच्या मोठ्या शाळेत मुलं थोड्या वेळात पोचतात, मग दोन शाळा कशाला, असं मॉडेल म्हणालं. थोड्या वेळात, कारण कालव्याच्या बंधाऱ्यावर एक बारीक रेघ होती. बंधाऱ्याच्या दरवाज्यांची देखभाल करणाऱ्यासाठी वर एक अरुंद लोखंडी साकव होता. मास्तर पूर्वी कधीतरी त्याच्यावरून चालून आले होते आणि त्यांनी पायवाट म्हणून रेघ ओढली होती.

शाळा बंद करायच्या प्रस्तावाच्या वेळी तिच्या मनात शंका आली होती. ती बंधाऱ्यापर्यंत गेलीही होती. साकवाच्या जाळीतून खालचं पाणी दिसलं, आणि तिचे पाय जिन्याच्या पहिल्या पायरीवरूनच मागे फिरले. उंची आणि पाणी, दोन्ही तिला लहानपणापासून सोसत नसत. पुन्हा येऊ, तिने स्वतःला सांगितलं. नंतर शाळा बंद झाली, बस सुरू झाली, मुलं बसने जाणार असं सगळेच म्हणाले. मग कशाला चालायचं? उद्या बघू, असं म्हणत तो उद्या तिने महिनोन्महिने पुढे ढकलला.

*

दुसऱ्या दिवशी कचेरीत पाऊल टाकताच रेडिओचा आवाज ऐकू आला. रस्त्यावर माणसं उभी करून येणाऱ्या-जाणाऱ्यांची मोजणी करून घेणारा हा सहकारी. सकाळी सुरू झाला की संध्याकाळी कुलूप लावेपर्यंत बंद व्हायचा नाही, म्हणून रेडिओ.

"लोकहो, पेढे आणा! शाळेच्या फाटकातली मोजणी आली. मॉडेलने सांगितली तेवढी पोरं, सांगितल्या वेळेला, फाटकातून आत. एवढं तर आमच्या घरातल्या दोन घड्याळांचंसुद्धा जमत नाही."

"आणि पूल?" तिने विचारलं. "पुलावर मोजलंस?"

"मोजलं की. पुलावर शाळेचं एक पोर दाखवा आणि माझं नाव बदला."

"तुझं नाव आम्ही कधीच बदललंय," कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं.

"बस रिकामी जाते हो! ड्रायव्हर-कंडक्टर गप्पा मारत जातात, नवरा-बायकोसारखे." रेडिओने क्षणभर विचार केला. "नवरा-बायको कुठे मारतात म्हणा गप्पा."

सगळे हसले. ती हसली नाही.

ती जागेवर बसली. बंधाऱ्यावरची रेघ तिने प्रयोगापुरती बंद केली आणि शहर पुन्हा सोडलं. पडद्यावर लांबचा पूल भरून आला, बस भरली, मुलं शाळेत उशिरा पोचू लागली. तिने रेघ चालू केली. पूल रिकामा झाला, बस रिकामी झाली, मुलं वेळेवर पोचली. रेडिओच्या मोजणीशी तंतोतंत जुळलं.

एरवी मॉडेल आणि मोजणी अशी जुळली की ती घरी जाताना स्वतःशी गुणगुणत जायची. आज तिने दोन्ही आकडे पुन्हा एकदा ताडून पाहिले. मॉडेल चुकलं असतं तर किती बरं झालं असतं! ते बरोबर होतं. संगणकाने मुलांना बंधाऱ्यावर सोडलं होतं, आणि मुलं खरोखरच तिथून जात होती.

ती उठून मास्तरांच्या केबिनमध्ये गेली. ते उद्याच्या समितीच्या बैठकीसाठी नकाशे लावत होते.

"सर, बंधाऱ्यावरची ती रेघ..."

"काय झालं तिला?"

"मुलं तिथून जातायत."

"मग? पायवाट आहे. जाणारच." ते नकाशावरून मान वर न करता म्हणाले. "मी चाललोय तिच्यावरून. कालवा साफसफाईसाठी कोरडा केला होता तेव्हा. पाच मिनिटांत पलीकडे. मजबूत लोखंड आहे."

"पण सर, आता पाणी आहे."

मास्तरांनी मान वर केली. रागावले नव्हते, उलट, परीक्षेत गडबडलेल्या मुलीकडे बघावं तसं बघत होते. "पोरी, उद्या समितीसमोर मॉडेल आणि मोजणी जुळतात हे तूच सांगायचंयस. याच पद्धतीने आणखी शाळा एकत्र होणार आहेत. तुला रेघ पुसायची आहे? नियम माहीत आहे तुला. तू चाललीस का तिच्यावरून?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"चालून ये. मग बोलू," मास्तर म्हणाले आणि पुन्हा नकाशात वाकले.

*

त्या संध्याकाळी तिने मुंगीला समोर बसवलं आणि तिचे दोन्ही हात उलटे करून आपल्या हातात घेतले.

"बंधाऱ्यावरून जातेस ना?"

मुंगीने आधी आजीकडे बघितलं. आजी पलंगावर ताठ बसली होती.

"सगळेच जातात," मुंगी म्हणाली. "बसने गेलं की उशीर होतो. मग बाहेर उभं करतात, सगळ्यांसमोर."

"अगं बाई!" सासूबाईंचा हात छातीवर गेला. "आणि मी मेली खिडकीतून टाटा करते रोज!"

"पण आम्ही नीट जातो," मुंगी घाईने म्हणाली. "आमचे नियम आहेत. मोठी मुलं पुढे आणि मागे, लहान मधे. खाली बघायचं नाही. बोलायचं नाही. दरवाज्याचा भोंगा झाला की असू तिथे बसायचं आणि कठडा धरायचा. उडीच्या जागी पुढच्याने वळून हात द्यायचा."

"उडीची जागा म्हणजे?"

"तिथे जाळी नाहीये ना, थोडीशी."

कुकरने शिट्टी दिली आणि तिघीही दचकल्या.

मुलांनी नियम केले होते, याचंच तिला सगळ्यात भय वाटलं. नियम कोण करतं? ज्याला धोका ठाऊक असतो आणि जो तो रोज पत्करणार असतो, तो.

"उद्यापासून तू बसने जायचं," ती म्हणाली. "मी स्वतः बसवून देईन. उशीर झाला तर होऊ दे. मी बाईंशी बोलेन."

मुंगीचे डोळे भरले. "पण मग चिमणी कशी येणार?"

"कोण चिमणी?"

"पहिलीतली. तिला भीती वाटते. ती माझं दप्तर मागून धरते आणि डोळे मिटून चालते. दुसऱ्या कोणाचं धरत नाही ती."

"तिची आई बघेल," सासूबाई म्हणाल्या.

"तिच्या आईला माहीतच नाही," मुंगी म्हणाली. "तुम्हाला कुठे होतं?"

*

सकाळी तिने मुंगीला बसमध्ये बसवलं. कंडक्टरला दोनदा बजावलं. बस हलली, मागच्या काचेतून मुंगीचा चेहरा दिसला. ती हात हलवत नव्हती. मग आई कालव्याच्या दिशेने निघाली. चिमणीला आणि बाकीच्यांना अडवायचं, समजावून मागे फिरवायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

कालव्याकाठी धुकं होतं. पाण्याचा आवाज बंधारा दिसायच्या कितीतरी आधी ऐकू येऊ लागला. वरच्या अंगाला कालवा काठोकाठ भरून शांत होता, काळसर. खालच्या अंगाला दरवाज्यांच्या फटींतून पाणी कोसळत होतं आणि त्याचा फेस धुक्यात मिसळत होता. या दोन्हींच्या मधे, वर, तो साकव.

तिला उशीर झाला होता. मुलं साकवावर चढली होती.

एकामागे एक, पाठीवर दप्तरं, डावा हात कठड्यावर. कठडा एकाच बाजूला. दुसऱ्या बाजूला काहीच नव्हतं. कोणी बोलत नव्हतं. इतकी मुलं आणि एक शब्द नाही, हे तिने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. हाक मारायला तिने तोंड उघडलं आणि हाताने झाकून घेतलं. हाकेने एखादं दचकलं तर? एखाद्याने मागे वळून पाहिलं तर?

आणि मग रांगेच्या मधोमध तिला ओळखीचं दप्तर दिसलं. बापाने आणलेलं, पिवळ्या पट्टीचं. दप्तराला मागून धरून एक लहान मुलगी चालत होती.

पुढच्या थांब्यावर उतरली. धावत आली. चिमणीसाठी.

आईने जिन्याचा खांब धरला. तोंडून आवाज फुटू नये म्हणून ती जीव एकवटून ओठ दाबत होती. एकेक पाऊल. पुढचा मुलगा थांबला, वळला, त्याने हात पुढे केला. मागच्या मुलीने उडी मारली. जाळी खणखणली. मग त्या मुलीने वळून हात पुढे केला. असा हात पुढे करत, उडी मारत, रांग पुढे सरकत होती. मुंगीच्या आधी आता एकच मुलगा उरला होता.

तेवढ्यात भोंगा वाजला.

तो असा कर्कश होता की झाडांवरचे पक्षी उडाले. साकवावरची सगळी मुलं एकदम खाली बसली. एकाच वेळी, कवायत केल्यासारखी. दोन्ही हात कठड्याच्या दांड्याला, डोकी गुडघ्यांत. मग कुठेतरी यंत्र घरघरलं, दरवाजा वर उचलला जाऊ लागला आणि सगळं लोखंड थरथरलं. खालचं पाणी आधी गुरगुरलं, मग गरजू लागलं. फेस साकवाच्या जाळीपर्यंत उडाला आणि क्षणभर रांगेचा मधला भाग तिला दिसेनासा झाला.

त्या क्षणात तिच्या मनात काहीच नव्हतं. मुंगीचं नावसुद्धा नव्हतं. फक्त एक पिवळी पट्टी तिला पुन्हा दिसायला हवी होती.

ती दिसली. यंत्र थांबलं. मोठा मुलगा उभा राहिला, त्याच्यामागून सगळी उठली. पुढच्या मुलापाठोपाठ मुंगीने उडी मारली. वळली. दोन्ही हात पसरून तिने डोळे मिटलेल्या चिमणीला अलीकडून उचलून घेतल्यासारखं ओढून घेतलं. रांग पुढे गेली, पलीकडच्या जिन्याने उतरली, आणि काठावर पाय लागताच सगळ्यांना एकदम कंठ फुटला. धुक्यातून त्यांचा कलकलाट, हसणं, कोणीतरी कोणाला चिडवणं तिला ऐकू आलं. साधी शाळकरी मुलं.

आणि संध्याकाळी हीच मुलं याच वाटेने परत येणार होती.

आई जिन्याच्या पहिल्या पायरीवर चढली. मागच्या वेळी इथूनच परतली होती. दुसरी. तिसरी. वर आल्यावर तिने डावा हात कठड्यावर ठेवला. दांडा ओला, खरबरीत, बर्फासारखा थंड होता. खाली बघायचं नाही. पण तिला बघायला हवं होतं. बघणं हेच तिचं काम होतं. जाळीतून पाणी धावत होतं आणि बघताबघता असं वाटू लागलं की पाणी उभं आहे आणि तीच वाहते आहे. ती जागच्या जागी खाली बसली. मग बसल्या बसल्याच, गुडघ्यांवर, पुढे सरकू लागली. साडी... छे, बरं झालं आज सलवार घातली होती, असा एक वेडा विचार मनात आला आणि तिला हसू येता येता रडू आलं.

उडीच्या जागेपाशी ती थांबली. जाळीचा एक तुकडा निखळून पडला होता. तिने बोटं ताणून वीत लावली. मोठ्या माणसाने न थांबता ओलांडावं एवढंच अंतर. मास्तरांसारखा लांब टांगांचा उंच माणूस चालता चालता पलीकडे गेला असता, खाली भोक आहे हे त्याच्या ध्यानातही आलं नसतं. चिमणीच्या पायाला मात्र ते दीड पाऊल होतं. आणि खाली, जिथे मास्तरांनी कोरडा चिखल पाहिला होता, तिथे आत्ता पाणी गरजत होतं.

पलीकडे उतरली तेव्हा तिचे गुडघे सोलवटले होते. काठावरच्या खोलीतून दरवाजे चालवणारा माणूस बाहेर आला. दरवाजे बटणांवर चालत, आणि खोलीची खिडकी दुसऱ्या अंगाला होती.

"बाई, काय हो हे? पडला असतात म्हणजे?"

"मुलं होती साकवावर. तुम्ही दरवाजा उचललात."

"मला इथून दिसत नाही ना साकव." त्याची नजर तिच्या गळ्यातल्या खात्याच्या ओळखपत्रावर गेली आणि चेहरा उतरला. "म्हणून तर आधी भोंगा देतो. आणखी काय करू? पूर्वी दोन्ही जिन्यांना कुलूप असायचं. तुमच्याच खात्याने सांगितलं, नकाशात पायवाट आहे, लोकांची वाट अडवता येणार नाही. काढलं कुलूप."

"आज लावा परत."

"रेघ आहे तोवर कसं लावू? नोकरी जाईल माझी." तो क्षणभर घुटमळला. "रोज भोंगा दिला की मी कानात बोटं घालतो. भोंग्यासाठी नाही. नंतर काही ऐकू येऊ नये म्हणून."

*

समितीची बैठक सुरू झाली होती. लांब टेबलाच्या एका टोकाला अध्यक्षबाई, दोन्ही बाजूंना सदस्य, भिंतीवर नकाशा. मास्तर उभे राहून बोलत होते आणि फार छान बोलत होते. दाराशी ती येताच रेडिओने बाजूची खुर्ची ओढली आणि कुजबुजला, "अहो, हे काय? कुठे पडलात? पावडर लावायला गेलात की कुस्ती खेळायला?" मग तिचा चेहरा बघून तो गप्प झाला. बहुधा नोकरीत पहिल्यांदाच.

"...तर अंदाज आणि प्रत्यक्ष मोजणी तंतोतंत जुळतात," मास्तर म्हणत होते. "हे काम जिने केलं ती आमची सहकारीच आता सांगेल. ये, पोरी."

ती उभी राहिली. छातीत अजून तो भोंगा वाजत होता. समोर मास्तर हसऱ्या चेहऱ्याने तिची वाट बघत होते. याच हसण्याने त्यांनी तिला एकदा दारातून आत घेतलं होतं. जुळतं एवढंच म्हणायचं होतं. खोटंही नव्हतं ते. भिंतीवरच्या घड्याळाकडे तिची नजर गेली. शाळा सुटायला वेळ होता, पण फार नव्हता.

"जुळतं," ती म्हणाली. "जुळतं, कारण मुलं बंधाऱ्यावरून जातात. साकवाला एकाच बाजूला कठडा आहे. मधली जाळी निखळली आहे. दरवाजा उचलतात तेव्हा मुलं त्याच्यावर बसलेली असतात. आज माझी मुलगी होती."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला.

मास्तरांचं हसू हळूहळू मावळलं. त्यांची नजर तिच्या सलवारीच्या फाटलेल्या गुडघ्यांवर गेली, मग डाव्या तळहातावरच्या तांबूस पट्ट्यावर. तो पट्टा ते ओळखत असावेत; त्यांनी नकळत स्वतःची मूठ मिटली.

"चाललीस?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"रांगत गेले, सर. पण गेले."

"पाणी..."

"भरून आहे."

मास्तर खुर्चीवर बसले. एकदम म्हातारे दिसले. पडद्यावर शहर सकाळच्या कामाला निघालेलं तसंच थांबलं होतं, आणि कालव्यावरची ती बारीक रेघ त्यात शोधल्याशिवाय दिसलीही नसती.

"मग नियम तुला माहीत आहे," ते म्हणाले. "बोल."

तिने तो गंजका हात टेबलावर टेकला, आणि कितीतरी महिने उद्यावर टाकलेलं ते वाक्य सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली:

"ती रेघ मी पुसते आहे. जिन्यांना आज, शाळा सुटायच्या आत, कुलूप लागलं पाहिजे, आणि आमच्या बाजूची शाळा परत उघडायची."